मंगळवारचा पाट

डोळे मिट बघू जरा. मिटलेस? आता एक मैदान डोळ्यांपुढं आण. औंढ्याच्या एका कॉलेजचं मैदान, आणि जानेवारीतली सकाळ. गवतावर दव आहे. पलीकडच्या शेतात कुणीतरी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्यात, त्यांचा धूर जमिनीलगत रेंगाळतोय. नागनाथाचं शिखर धुक्यातून अर्धंच दिसतंय. मैदानावर पोरं-पोरी गोल करून उभ्या आहेत, हात वर, हात खाली, आणि शंकरसिंग सरांची शिट्टी वाजतेय.

आता त्या गर्दीकडं पाहू नकोस. जिमखान्याच्या मागं ये. तिथं कबड्डीच्या मॅटच्या गुंडाळ्या रचून ठेवल्यात. त्यांच्या आड एक मुलगी बसलीय, तारेच्या जाळीत बोटं रुतवून. तिला वाटतंय, आपण आता मरणार.

तुला कधी तसं वाटलंय? वाटलं असेल तर ही गोष्ट तुझी आहे. वाटलं नसेल तरी ऐक. तुझ्या बाकावर शेजारी बसणाऱ्याला वाटत असेल, आणि त्यानं तुला सांगितलं नसेल.

तिचं नाव साधना. जवळा बाजारची. रोज पहिल्या एसटीनं कॉलेजला येणारी, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची. छातीत कुणी टिपऱ्या वाजवतंय असं तिला होत होतं. श्वास घशापर्यंत यायचा आणि तिथंच अडायचा. बोटं गार पडली होती, आणि कुणी आपल्याला पाहील या भीतीनं ती आणखीच गार होत होती…

तेवढ्यात मॅटची वरची गुंडाळी हलली.

"आं? इथं कोण हाय?"

एक उंच, सडपातळ पोरगा गुंडाळी खांद्यावर घ्यायला आला होता. तिला पाहून तो तसाच थांबला. गुंडाळी अर्धी खांद्यावर, अर्धी हवेत.

"जा तू," साधना कशीबशी म्हणाली.

"काय झालं?"

"मरून राहिले मी."

तो गेला नाही. जवळही आला नाही. गुंडाळी खाली ठेवली आणि जरा लांब, मातीतच बसला.

"मरणारं माणूस एवढी घट्ट जाळी धरत न्हाई," तो म्हणाला. "जाळी गार हाय का गरम?"

"काय?"

"जाळी. हाताला कशी लागून राहिली?"

असला प्रश्न कुणी विचारतं का? पण विचारला होता, आणि उत्तर द्यायचं तर हाताकडं लक्ष द्यावं लागलं.

"गार… लई गार."

"अन् ओली?"

"व्हय. ओली."

"गंज लागला का हाताला? माझ्या तर रोज लागतो. माझी माय म्हणते, तू कॉलेजात शिकतो का लोहाराकडं?"

साधनाला हसू आलं नाही. पण श्वास घशाखाली उतरला. मग आणखी एक उतरला. तो पोरगा काहीबाही विचारत राहिला. शिखरावरचा झेंडा दिसतो का, धूर कशाचा आहे, शिट्टी थांबली का. ती उत्तरं देत राहिली. हळूहळू छातीतल्या टिपऱ्या दूर गेल्या, जसं वाजंत्री वळणापलीकडं जातात.

"तुला कसं कळलं काय विचारायचं?" तिनं विचारलं.

"कुणीतरी मलाबी विचारलं होतं," तो म्हणाला, आणि गुंडाळी उचलली. "नचिकेत. हट्टा गावचा. आता उठ, न्हाईतर सर दोघांच्याबी नावानं शिट्टी वाजवतील."

सरांनी शिट्टी वाजवलीच. पण रागावले नाहीत.

त्या वर्षी कॉलेजात एक नवा कार्यक्रम सुरू झाला होता. लांबलचक नाव होतं त्याचं. पोरं नुसतं 'तनमन' म्हणायची. आधी थोडा व्यायाम, आणि मग जोडीनं मैदानाच्या फेऱ्या. पळायचं नाही, चालायचं. एका फेरीत एकानं बोलायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. पुढच्या फेरीत उलट. आणि कुणाला फेरीत मावणार नाही एवढं बोलायचं असेल, तर जिमखान्याच्या आतल्या खोलीत पुनम मॅडम बसायच्या. त्या समुपदेशनासाठी हिंगोलीहून यायच्या.

"तुम्ही दोघं उशिरा आलात," शंकरसिंग सर म्हणाले. "बाकीच्यांच्या जोड्या लागल्या. उरलेले तुम्हीच. चला, चालायला लागा."

पोरींमध्ये खसखस पिकली. साधनानं ओढणी सारखी केली आणि पायाकडं पाहत चालू लागली.

"तू बोल आधी," नचिकेत म्हणाला.

"मला काही बोलायचं न्हाई."

"मग मी बोलतो. मागच्या साली मी कॉलेजला आलोच न्हाई. खाटेवर पडून राहायचो. लोक म्हणायचे, आळशी हाय. मलाबी वाटायचं, आळशीच असंन. मग पुनम मॅडमकडं—" तो थांबला. "तू काही म्हण ना."

"मी म्हणू शकत न्हाई. माझी ऐकायची फेरी हाय."

तो हसला. दात थोडे पुढं होते त्याचे, आणि हसताना तो ते हातानं झाकायचा. साधनानं ते पाहिलं, आणि पाहिलं हे त्याला दिसू नये म्हणून धुराकडं पाहू लागली.

असे दिवस गेले. साधना पुनम मॅडमकडं गेली. बाहेरच्या बाकावर किती वेळ बसून, दोनदा उठून, मग एकदाची आत गेली. मॅडमनी तिचं सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुमच्या शेतात रानडुकरं येतात का?"

"येतात की. बाबा जागलीला जातात."

"जागल करणारा माणूस डुक्कर आलं की ओरडतो. बरोबर? आपल्या अंगातही असा एक जागल्या असतो. तुझा जरा भित्रा आहे. पान हललं तरी ओरडतो. छाती धडधडते, हात गार पडतात, ते सगळं त्याचं ओरडणं. त्यात तू मरत नाहीस. त्याला हाकलायचं नाही, ओळखायचं. आणि हे घरी कुणाशी तरी बोलायचं."

पहिलं सगळं साधनाला पटलं. शेवटचं नाही. घरी काय सांगणार? जिमखान्यातल्या मॅडमकडं जाते म्हटलं की गावात एकच अर्थ निघणार, पोरीचं डोकं फिरलं. मग कोण पोरीला एसटीत बसवून देईल?

पण सकाळच्या फेऱ्या होत्या. थंडीनं लाल झालेलं नचिकेतचं नाक होतं.

"आज तू बोल," तो म्हणायचा.

"काय बोलू?"

"काल एसटीत काय झालं ते."

"काही न्हाई झालं. गर्दी होती. भेव आलं, अन् गेलं. मी खिडकीच्या दांडीला हात लावला… गार होती."

तो काही म्हणाला नाही. नियम होता. पण फेरी संपून दुसरी लागली तसं लगेच म्हणाला, "आता माझी पाळी. मला त्या दांडीचा हेवा वाटून राहिला."

"नचिकेत."

"तू बोलू नको. ऐकायची फेरी हाय तुझी."

कानांच्या पाळ्या अशा तापल्या की तिनं ओढणी डोक्यावरून घेतली.

गोष्ट इथंच थांबली असती तर किती बरं झालं असतं, नाही? पण भीती मैदानाचं कुंपण मानत नाही.

एका मंगळवारी कॉलेजला सुट्टी होती. साधना आईबरोबर गावातल्या देवीच्या आरतीला गेली. देऊळ लहान, बाया दाटीवाटीनं उभ्या. संबळ वाजू लागला, झांजा वाजू लागल्या, धुपाचा धूर दाटला. साधनाला मागं सरकायला जागा नव्हती. तिला कळलं, येतंय. जागल्या ओरडणार. तिनं हातांनी काहीतरी गार शोधलं, पण हाताला नुसते लोकांचे खांदे आणि कोपर लागत होते. श्वास अडला. अंग थरथरू लागलं. केस सुटले. ती गुडघ्यांवर बसली आणि पुढं-मागं झुलू लागली, कारण तसं केलं तरच थोडा श्वास येत होता.

"आली!" शेजारची भागूबाई ओरडली. "आई आली पोरीच्या अंगात!"

आणि बघता बघता साधनाच्या कपाळाला हळद लागली, कुंकू लागलं. संबळ आणखी जोरात वाजू लागला. बाया तिच्या पायांवर डोकं ठेवू लागल्या. ती धापा टाकत होती आणि लोकांना वाटत होतं, देवी हुंकारतेय.

पायावर ठेवलेल्या डोक्यांमध्ये एक डोकं तिच्या आईचं होतं.

घरी आल्यावर द्वारकाबाईनं लेकीचे पाय गरम पाण्यानं धुतले. साधना पाय मागं ओढत होती.

"माय, असं नको करू. मला—"

"गप. मला बोलू दे." द्वारकाबाईचे डोळे भरले होते. "मी किती दिवसांपासून पाहून राहिले पोरी. तू ताटावरून उठते, न्हाणीत जाऊन बसते, हात थरथरतात. मला वाटायचं, काही मोठं दुखणं लागलं लेकराला. तुझ्या बाबाला सांगितलं न्हाई. रात रात झोप न्हाई मला. अन् आज कळलं. आई होती गं ती. आई येऊन राहिली होती." तिनं पदरानं लेकीचे पाय पुसले. "आता मला भेव न्हाई."

सांग, अशा आईला काय सांगशील तू? साधनानं घंगाळातलं पाणी उचललं आणि न्हाणीत ओतून आली.

पुढच्या मंगळवारी घरी माणसं आली. त्याच्या पुढच्या मंगळवारी जास्त आली. मंगळवारचं कॉलेज बुडू लागलं. अंगणात पाट मांडला जाऊ लागला, त्यावर नवं कापड, पुढं समई. भागूबाई शेजारी बसायची. साधना घाबरून गप्प राहिली की भागूबाईच अर्थ सांगायची, "आई म्हणते, धीर धर. आई म्हणते, पाच मंगळवार कर." खरं सांगायचं तर साधना पाटावर बसली की तिला भीती वाटायचीच. हात थरथरायचे. आणि हात थरथरले की माणसांचा विश्वास वाढायचा. जेवढी ती घाबरायची तेवढी ती देवी व्हायची. यातून बाहेर कसं पडायचं?

मग नियम आले. देवीच्या झाडानं, म्हणजे जिच्या अंगात येतं तिनं, बाहेरचं खायचं नाही. पायात चप्पल घालायची नाही. लग्नासाठी कुणी बघायला आलं तर सध्या नको सांगायचं. आणि एके दिवशी द्वारकाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरांसंगं मैदानावर फिरणं आता शोभत न्हाई. फाल्गुनापास्नं कॉलेज बंद कर. घरीच राहा. आईची सेवा कर."

बाबांनी होकारार्थी मान हलवली. संतराम कमी बोलणारा माणूस. त्याच्या हलवलेल्या मानेचा घरात शेवटचा शब्द व्हायचा.

त्या सकाळी मैदानावर साधना अनवाणी आली. दव पायाला झोंबत होतं. पोरींपैकी एकीनं गमतीनं हात जोडले, आणि लगेच, खरंच घाबरून, कान पकडले. ते साधनाला जास्त लागलं.

"बोल," नचिकेत म्हणाला.

ती पूर्ण फेरी बोलली. सगळं. तो ऐकत होता, आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता.

"मी येऊ का तुझ्या घरी?" फेरी संपताच तो म्हणाला. "बाबाला सांगतो, हे काय हाय ते."

"अजिबात न्हाई."

"काहून?"

"काहून म्हणजे? कोण लागतोस तू माझा? काय सांगशील?"

"जोडीदार सांगीन."

"मैदानावरचा."

"मग मैदानाबाहेरचा कोण, ते तू सांग."

दोघं थांबले. मागून येणारी जोडी वळसा घालून पुढं गेली. साधना पायांच्या अंगठ्यानं माती उकरत होती. सांगायचं होतं तिला… ओठांपर्यंत आलं होतं. पण हल्ली तिनं बोललेल्या प्रत्येक शब्दाचा कुणीतरी भलताच अर्थ काढत होतं. तिला शब्दांचीच भीती बसली होती.

"मला वाटतं मी खोटी हाय," ती शेवटी म्हणाली. "त्या बाया खऱ्या हायत. त्यांची दुखणी खरी हायत. अन् मी बसून राहते. खरं सांगितलं तर माझी माय परत रातभर जागी राहील. देवी कोपली म्हणतील ते येगळंच… अन् न्हाई सांगितलं, तर फाल्गुनापास्नं मी इथं नसंन."

नचिकेतनं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, आणि तोही तिच्याबरोबर अनवाणी चालू लागला.

पुनम मॅडम म्हणाल्या, "देवीशी आपलं काही भांडण नाही, साधना. तुझ्या आईची श्रद्धा तिची आहे, ती राहू दे. तू फक्त तुझं सांग. मी घरी येऊ का?" साधना नको म्हणाली. मॅडमनी जबरदस्ती केली नाही. "मग ज्या दिवशी सांगशील, त्या दिवशी एक तरी माणूस असं असू दे जवळ, ज्याला हे ठाऊक आहे," एवढंच म्हणाल्या.

पुढचा मंगळवार आला. बाजाराचा गलका अंगणापर्यंत ऐकू येत होता. ऊन चढलं होतं, समईची वात फिकी दिसत होती. साधना पाटावर बसली, हळदीनं कपाळ माखलेली. पुढं माणसांची रांग. आणि त्या रांगेत—

रांगेत नचिकेत उभा होता. डोक्यावर रुमाल, हातात नारळ, चेहरा असा गंभीर की ओळखू येऊ नये.

ती नजरेनं म्हणाली, जा. तो नजरेनं म्हणाला, रांगेत हाय मी.

त्याची पाळी आली. तो पाटापुढं बसला. हात जोडले नाहीत, नारळ मात्र दोन्ही हातांत धरून ठेवला.

"इचार," भागूबाई म्हणाली.

"आई…" तो म्हणाला. "एक पोरगी हाय. माझ्यासंगं मैदानावर चालायची. आता ती येईनाशी होणार, असं ऐकलं. मला एवढंच इचारायचं. ती येईल का?"

रांगेतल्या दोन बाया पदराआड हसल्या. भागूबाईनं डोळे बारीक केले.

"नाव सांग पोरीचं."

"नाव घेतलं तर तिला तकलीफ होईल."

"आईपुढं नाव लपवतो का रे?"

"न्हाई. आईला ठाऊक हाय नाव."

साधनाच्या छातीत धडधडलं. पण आजची धडधड आणि जाळीपाशी होती ती, या दोन्ही सारख्या नव्हत्या. की होत्या? तिला सांगता आलं नसतं. तिनं डोळे खाली घातले. दाराशी उभी असलेली द्वारकाबाई त्या पोराला निरखून पाहत होती.

"आई सांगंन मंग. बाजूला उभा राहा," भागूबाई म्हणाली. "पुढं या कोण हाय ते."

पुढं एक बाई आली. तिनं एका लहान मुलीला दंडाला धरून आणलं होतं. मुलीचं नाव अनुसूया, आजीचं ठेवलेलं, पण सगळे अनू म्हणायचे. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि चेहरा अगदी पांढरा पडलेला.

"शाळेत जाईना," अनूची आई सांगू लागली. "दारापाशी गेली की उलटी करते. हात गार पडतात. मारून पाहिलं, खाऊ देऊन पाहिलं. आता सासू म्हणते, बिब्बा गरम करून पोटावर चटका द्या, म्हंजे भेव निघून जाईल. घरी सगळी तयारी हाय. आई व्हय म्हणली की लगेच देतो."

अनूनं तो शब्द ऐकला आणि ती आईच्या लुगड्यामागं सरकली. आईनं तिला पुन्हा पुढं ओढलं.

"आई…" भागूबाईनं डोळे मिटले, "आई म्हणते—"

"थांबा," साधना म्हणाली.

पाटावरून तिनं बोललेला हा पहिलाच शब्द.

ती पाटावरून उतरली. अनूच्या पुढं जमिनीवर मांडी घालून बसली.

"अनू, शाळेच्या दारापाशी छातीत काय होतं गं?"

अनू रिबिनीचं टोक चावू लागली.

"टिपऱ्या वाजल्यावाणी होतं का?"

अनूनं डोळे वर केले. बारीकशी मान हलवली.

"अन् वाटतं, आता आपण मरून जाणार?"

"व्हय," अनू म्हणाली, इतक्या हळू की फक्त साधनाला ऐकू आलं.

"मलाबी तसंच होतं," साधना मोठ्यानं म्हणाली. मोठ्यानं, म्हणजे सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. "मलाबी. दिवाळीच्या आधीपास्नं. त्या दिवशी देवळात तेच झालं. आई न्हाई आली माझ्या अंगात. भेव आलं होतं. ह्या पोरीला काही करू नका. चटका दिला तर भेव जाणार न्हाई, वाढंन. कॉलेजात एक मॅडम येतात, मी त्यांच्याकडं जाते. हिलाबी घेऊन जाईन मी."

"अगं काय बोलून राहिली!" भागूबाई उठली. "आईचा कोप व्हईन. घरावर यील. तोंडातनं शब्द मागं घे."

रांगेत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, आईच बोलवून घेतेय, परीक्षा पाहतेय. कुणी म्हणालं, पोरीचं डोकं फिरलं. ज्या शब्दाला साधना इतके दिवस भ्यायली, तो शब्द अखेर अंगणात आला होता. तिनं दाराकडं पाहिलं. द्वारकाबाईचा चेहरा दगडासारखा झाला होता. काय होतं त्या चेहऱ्यात? राग? की पुन्हा तीच जुनी भीती? साधनाला वाचता येईना.

आता मागं फिरता येणार नव्हतं. मग उरलेलंही तिनं सांगून टाकलं.

"अन् ह्याचं उत्तर राहिलं," ती नचिकेतकडं वळली. "ती येईल मैदानावर. माय न्हाई म्हणली तरी इचारत राहीन, बाबाला इचारत राहीन, पण येईल. अन् मैदानाबाहेर… तिथंबी तूच हवा हायस तिला. जोडीदार."

नचिकेतच्या हातातला नारळ खाली पडला आणि गडगडत कडेला गेला. तो हसला. पण दात झाकायला हात वर नेला नाही. नुसता पाहत राहिला, डोळे भरून.

आणि तेव्हाच ती आली. साधनाची भीती. इतकी मोठी ती कधीच आली नव्हती. सगळं बोलून झालं होतं, आता धरायला काही नव्हतं. श्वास अडला. खांदे थरथरू लागले, दात वाजू लागले, केसांचा अंबाडा सुटून पाठीवर आला. ती पुढं-मागं झुलू लागली.

अंगणात एक हुंकार उठला. पुढची बाई खाली वाकली. मागची वाकली. "आली, आली," भागूबाई पुटपुटली आणि गुडघ्यांवर बसली. एकेक करून सगळ्यांचे हात जोडले गेले. आत्ताच ती म्हणाली होती, देवी नाही, भेव आहे. पण डोळ्यांना जे दिसत होतं त्यापुढं कानांवर कोण विश्वास ठेवणार? दारात द्वारकाबाईचेही हात जोडले गेले होते.

दोघांचेच हात जोडलेले नव्हते. एक नचिकेत. तो धावत पुढं आला आणि दोन पावलांवर थांबला. एवढ्या माणसांत, तिच्या आईबापाच्या अंगणात, आपण हात लावावा का, हे त्याला कळेना. तो मातीत बसला, तिला दिसेल असा. "मी हाय इथं," तो म्हणाला. "इथंच हाय."

आणि दुसरी, अनू.

अनू साधनाच्या अगदी समोर उभी होती. तिनं साधनाचे थरथरणारे हात पाहिले. मग आपले हात पाहिले. मग वाकलेल्या सगळ्या मोठ्या माणसांकडं एकदा पाहून घेतलं. हे असे काहून वाकलेत, ते तिला समजत नव्हतं. तिनं एक बोट पुढं करून साधनाच्या मनगटाला लावलं.

"गार पडली ही," ती म्हणाली.

कुणी हललं नाही.

मग अनू मागं वळली, वाकलेल्या बायांच्या मधून वाट काढत दारापर्यंत गेली, आणि तिनं द्वारकाबाईचा पदर ओढला.

"काकू, हिला पाणी द्या ना. भेली ही."

द्वारकाबाईनं खाली पाहिलं. त्या पांढऱ्या पडलेल्या लहान चेहऱ्याकडं. मग पलीकडं, आपल्या लेकीकडं. किती तरी वेळ पाहिलं. आणि तिचे जोडलेले हात हळूहळू सुटले. ती आत गेली. माठावरचं झाकण वाजलं. ती तांब्या घेऊन बाहेर आली, रांगेतल्या कुणाकडं न पाहता चालत आली, आणि लेकीजवळ मातीत बसली. पण तांब्या पुढं करताना तिचेच हात असे कापू लागले, की पाणी पाटावरच्या कापडावर सांडलं.

अनूनं तो तांब्या तिच्या हातातून काढून घेतला. दोन्ही हातांनी नीट धरला. आधी आपण एक घोट प्यायली, कारण तहान तिलाही लागली होती. आणि मग, एक थेंबही न सांडता, तो साधनाच्या ओठांशी नेला.